समुद्रसपाटी स्थिर आहे काय?

आगगाडीच्या स्थानकावरील पिवळी पाटी आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. परळी वैजनाथ येथें गाडीची वाट पाहत उभें असतां त्या पाटीवर गांवाच्या नांवाखालीं लहान अक्षरांत त्या ठिकाणाची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली दिसते. बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ५१५ मीटर उंचीवर आहे, असें भूगोलाच्या तासास आपण पाठही करतों. परंतु ही उंची ज्या पातळीपासून मोजिली ती पातळी कोणती, ती कोणीं ठरविली, आणि ती सदैव एकाच ठिकाणीं राहते काय, हे प्रश्न मात्र फारसे कोणी विचारीत नाहीं. समुद्र आपली मर्यादा सोडीत नाहीं, अशी आपल्या लोकांची जुनी समजूत आहे. ती कितपत खरी आहे, हें या लेखांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

समुद्राचें पाणी दिवसांतून दोन वेळां चढतें व दोन वेळां उतरतें. ही भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या व कांहीं अंशीं सूर्याच्या आकर्षणानें होते. मुंबईस पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरतीचें पाणी ओहोटीच्या पाण्यापेक्षां कित्येक मीटर वर येतें. मग 'सपाटी' म्हणावी तरी कोणती? यावर तोडगा असा कीं, पाण्याची उंची रोज, ताशीं ताशीं, वर्षानुवर्षें मोजावी आणि त्या सर्व मापांची सरासरी काढावी. चढलेलें पाणी व उतरलेलें पाणी या हिशेबांत एकमेकांस फेडून टाकतें, आणि जी मधली पातळी उरते तिलाच समुद्रसपाटी म्हणावयाचें.

असें मोजण्याचें यंत्र मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ सालापासून काम करीत आलेलें आहे. समुद्राशीं जोडलेल्या एका विहिरींत तरंगणारा फाळका, त्यास जोडलेली लेखणी आणि सावकाश फिरणाऱ्या नळकांड्यावर गुंडाळलेला कागद, अशी या यंत्राची मूळ रचना असे. पाणी चढलें कीं लेखणी चढावी, उतरलें कीं उतरावी. उत्तर हिंदी महासागराच्या कांठीं इतकी जुनी व इतकी लांब नोंद दुसरी नाहीं. भारतीय सर्वेक्षण खात्यानें मुंबई, कारवार, कोची, नागपट्टणम्, मद्रास, विशाखापट्टणम्, कराची इत्यादि नऊ बंदरांवरील मापें आधारास घेऊन देशभर उंची मोजण्याचें प्रचंड काम केलें, व १९०९ सालीं तें एकत्र जुळविलें. आपल्या डोंगराळ मुलखांतील उंचीचे आंकडे अशा रीतीनें थेट बंदराच्या विहिरीपर्यंत जाऊन पोहोंचतात.

परंतु भरती-ओहोटी वजा केल्यावरही असें दिसून आलें कीं, उरलेली सरासरी पातळी स्थिर नाहीं. ती ऋतूप्रमाणें बदलते, एखाद्या वादळांत एका रात्रींत बदलते, आणि शतकभरांतही हळूहळू बदलते. या बदलांचीं मुख्य कारणें चार. आपण तीं एकेक करून पाहूं.

पहिलें कारण हवेचा भार. हवेस वजन आहे, हें सतराव्या शतकांत टॉरिसेली या इटालियन शास्त्रज्ञानें पाऱ्याच्या नळीनें सिद्ध केलें. समुद्रकांठीं हवेचा भार सुमारें ७६ सेंटिमीटर उंच पाऱ्याचा स्तंभ तोलून धरतो. आपल्या बीडास डोक्यावरची हवा तितक्या प्रमाणांत कमी असल्यामुळें पारा त्याहून सुमारें साडेचार सेंटिमीटर खालीं राहतो. म्हणूनच हवामान खातें नकाशा काढण्यापूर्वीं डोंगरावरील व मैदानावरील सर्व आंकडे हिशेबानें समुद्रसपाटीवर आणून घेतें. आतां जी हवा पाऱ्यावर दाब देते तीच समुद्रावरही देते. सर्व समुद्रावर हा दाब सारखा असता तर पातळी हलली नसती. परंतु एका प्रदेशांत दाब उतरला व शेजारीं तो अधिक राहिला, तर अधिक दाबाखालचें पाणी कमी दाबाकडे सरकून तेथें फुगवटा येतो. याचें प्रमाण लक्षांत ठेवण्यास फार सोपें आहे. दाब एक मिलीबार उतरला कीं पाणी सुमारें एक सेंटिमीटर चढतें.

शांत दिवसांत हा फरक चार-दोन सेंटिमीटरांचाच असतो. परंतु चक्रीवादळाच्या केंद्रांत दाब फार खालीं जातो. २९ ऑक्टोबर १९९९ रोजीं ओडिशाच्या किनाऱ्यावर पारादीपनजीक जें महावादळ आलें त्याच्या केंद्रांत दाब सुमारें ९१२ मिलीबारपर्यंत उतरला होता. नेहमींचा दाब १०१३ मिलीबार धरला तर शंभर मिलीबारांची तूट आली. म्हणजे केवळ हवेचा भार हलका झाला एवढ्यानेंच समुद्र सुमारें एक मीटर उचलला गेला. प्रत्यक्षांत मात्र त्या वेळीं पाणी पांच मीटरांहूनही अधिक चढून आंत शिरलें व सुमारें दहा हजार माणसें प्राणांस मुकलीं. उरलेले चार मीटर कोठून आले?

त्याचें उत्तर दुसऱ्या कारणांत आहे, आणि तें कारण वारा. चहाची बशी पाण्यानें भरून तिच्या एका कडेवरून सारखी फुंकर घाला. पाणी समोरच्या कडेशीं चढूं लागेल, व बशी उथळ असेल तर सांडेलही. वादळाचा वारा समुद्राचें पाणी असेंच किनाऱ्याकडे लोटीत आणतो. किनाऱ्याजवळचा समुद्र उथळ असला कीं लोटलेल्या पाण्यास खालून परत जाण्यास वाट मिळत नाहीं, आणि तें जमिनीवर चढतें. बंगालच्या उपसागराचा उत्तरेकडील भाग उथळ व निमुळता आहे, म्हणून तेथें हें संकट सर्वांत भयंकर असतें. ५ ऑक्टोबर १८६४ रोजीं हुगळीच्या मुखावाटे अशीच लाट कलकत्त्याकडे घुसली आणि हजारों कुटुंबें वाहून गेलीं. त्यानंतर १८६६ सालीं पाऊस फसून दुष्काळ पडला. या दोन आपत्तींनीं सरकारचे डोळे उघडले व १८७५ सालीं भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. समुद्राचें पाणी चढणें आणि आकाशांतून पाणी न पडणें, या दोन्ही गोष्टी एकाच खात्याच्या जन्मास कारण व्हाव्या, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

१९ नोव्हेंबर १९७७ रोजीं आंध्र प्रदेशांत कृष्णेच्या मुखाजवळील दिवी सीमा या सखल प्रदेशावर असाच प्रसंग आला, व तेथेंही सुमारें दहा हजार माणसें गेलीं. आपल्या आष्टी तालुक्याच्या सीमेवरून वाहणारी सीना भीमेस मिळते, भीमा कृष्णेस मिळते, आणि कृष्णा त्याच दिवी सीमेपाशीं समुद्रास भेटते. ज्या गाळानें ती भूमि घडली त्यांत आपल्या शेतांतील मातीचाही कांहीं वांटा आहे.

वाऱ्याचें काम नेहमीं असें रौद्र नसतें. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या दिवसांत भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत वाऱ्याचा कांहीं भाग उत्तरेकडून दक्षिणेकडे, किनाऱ्यास समांतर वाहतो. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें उत्तर गोलार्धांत वाऱ्यानें ढकललेलें पाणी वाऱ्याच्या उजवीकडे वळतें, म्हणजे येथें किनाऱ्यापासून दूर जातें. त्याची जागा भरून काढण्यास खोल समुद्रांतील थंड पाणी वर येतें. त्यामुळें कोचीच्या बाजूस असा चमत्कार दिसतो कीं, आकाशांतून पाऊस कोसळत असतांना समुद्राची सरासरी पातळी उतरलेली असते, आणि कोरड्या हिंवाळ्यांत ती चढलेली असते! उलट बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोंकास मोसमी वारे व नद्यांचे पूर एकत्र येऊन पावसाळ्यांत पातळी जवळजवळ एक मीटर वर जाते. एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांवर एकाच ऋतूंत समुद्र असा परस्परविरुद्ध वागतो. तेव्हां 'पाऊस पडला म्हणून समुद्र भरला' इतकें सोपें गणित येथें चालत नाहीं.

तिसरें कारण उष्णता. एक पातेलें थंड पाण्यानें अगदीं कांठोकांठ भरून, वडील माणसांच्या देखत, चुलीवर ठेवावें. पाण्यास उकळी फुटण्यापूर्वींच तें कडेवरून ओघळूं लागतें. कोणीं त्यांत थेंबभर पाणी घातलें नाहीं, तरी तें वाढलें, कारण तापलेलें पाणी फुगतें व त्यास अधिक जागा लागते. समुद्र हें असेंच एक विशाल पातेलें आहे. दगडी कोळसा, खनिज तेल व वायु जाळल्यानें वातावरणांत कर्बद्विप्राणिल वायूचें प्रमाण वाढलें. घोंगडी जशी अंगाची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं तसा हा वायु पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. अशा रीतीनें अडलेल्या जादा उष्णतेपैकीं शेंकडा ९० हून अधिक भाग समुद्रानें पोटांत घेतला आहे. तो त्यानें घेतला नसता तर जमिनीवरील उन्हाळा आज कितीतरी दुःसह झाला असता. परंतु या उपकाराची किंमत अशी कीं समुद्र फुगला. १९७१ ते २०१८ या काळांत समुद्राची पातळी जितकी वाढली तिच्यापैकीं सुमारें निम्मी वाढ एकट्या या फुगण्यानें झाली आहे.

चौथें कारण पाण्याचें स्थलांतर. पृथ्वीवरील एकंदर पाणी जवळजवळ तेवढेंच राहतें, परंतु तें कधीं जमिनीवर असतें, कधीं समुद्रांत. नद्या अहोरात्र समुद्रांत पडतात तरी समुद्र भरून वाहत नाहीं, याचें कारण हेंच कीं, जितकें पाणी नद्या आणून देतात तितकें वाफ होऊन, ढग बनून पुन्हां जमिनीवर येत असतें. या देवघेवींत कोठें खंड पडला तर पातळी बदलते. २०१०-११ सालीं ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग व आग्नेय आशिया येथें इतका पाऊस पडला कीं, तें पाणी जमिनीवरच अडकून राहिलें आणि सर्व जगाच्या समुद्राची पातळी कांहीं काळ सुमारें ५ मिलिमीटर उतरली. पुढें तें पाणी परत गेलें व पातळी पुन्हां चढली. पावसाचा हिशेब समुद्राच्या वहींत कसा उतरतो, याचें याहून स्वच्छ उदाहरण सांपडणें कठीण.

जमिनीवरील बर्फाचेंही तसेंच आहे. पेल्यांत बर्फाचा खडा टाकून पाणी कांठोकांठ भरावें. खडा वितळला तरी पाणी सांडत नाहीं. म्हणून समुद्रांत आधींच तरंगत असलेला बर्फ वितळल्यानें पातळी फारशी वाढत नाहीं. परंतु हिमालयावरील हिमनद्या, तसेंच ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथील जमिनीवर सांचलेला बर्फ वितळला तर तें पाणी समुद्रांत नव्यानेंच भर घालतें. येथें एका गोष्टीचा उल्लेख आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीनें अवश्य केला पाहिजे. खोल विंधण-विहिरींतून, ज्यांस आपण बोअर म्हणतों, उपसलेलें पाणी शेतांतून, हवेंतून व नद्यांतून फिरत अखेर बहुतांशीं समुद्रासच जाऊन मिळतें. धरणें पाणी अडवितात, बोअर तें सोडतात. अलीकडच्या काळांत जगभर सोडण्याची बाजू जड झाली आहे. जें पाणी गमावल्यानें आमची विहीर आटते, तेंच दूर कोठें तरी समुद्रांत केसभर भर घालतें.

आतां या सर्वांची बेरीज पाहूं. १९०१ ते २०१८ या काळांत जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारें २० सेंटिमीटर वाढली. १९७१ पर्यंत ही वाढ वर्षास सरासरी १.३ मिलिमीटर होती. २००६ ते २०१८ या काळांत ती ३.७ मिलिमीटर झाली. अपोलो बंदराच्या नोंदींत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंतची वाढ वर्षास सुमारें पाऊण मिलिमीटर दिसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलेल्या २०२० सालच्या अहवालाप्रमाणें उत्तर हिंदी महासागरांत १९९३ ते २०१७ या पंचवीस वर्षांत ही वाढ वर्षास ३.३ मिलिमीटर झाली. म्हणजे समुद्र केवळ चढतो एवढेंच नव्हे, तर चढण्याचा त्याचा वेगही वाढत आहे.

कोणी म्हणेल, तीन मिलिमीटर म्हणजे गव्हाच्या दाण्याची जाडी! तेवढ्यासाठीं एवढी चिंता कशाला? या शंकेचें उत्तर वर सांगितलेल्या चार कारणांतच आहे. हीं कारणें एकमेकांवर रचलीं जातात. भरती, तिच्यावर हवेचा हलका भार, त्यावर वाऱ्याची लोट, आणि या सर्वांच्या खालीं हळूहळू उंचावत जाणारी बैठक. ओटा वीतभर उंच झाला कीं त्यावर उभें राहणाऱ्या मुलाचा हात आढ्याच्या तितका जवळ जातो. जें वादळ पूर्वीं बांधाशीं थांबत असे तें आतां बांधावरून जातें. त्यांतून गोदा-कृष्णेच्या मुखाशीं जमीन इतकी सपाट आहे कीं, पाणी थोडें चढलें तरी तें आंत फार दूरवर पसरतें. या नद्यांवर धरणें झाल्यापासून मुखाशीं जाणारा गाळही घटला आहे. त्यामुळें जी भूमि गाळानें दरसाल भरून निघत असे ती आतां तशी निघत नाहीं.

२६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या जिल्ह्यांत सबंध वर्षाची सरासरी ७०० मिलिमीटरांच्याही आंत आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या एका दिवसाची कल्पना येईल. त्याच दुपारीं समुद्रास मोठी भरती होती. नाले व मिठी नदी यांचें पाणी समुद्राकडे निघालें, तों समुद्रच वर आलेला. दार बाहेरून ढकलून धरावें तसें झालें, व शहर बुडालें. समुद्राची बैठक जितकी वर सरकेल तितकें हें दार अधिक वेळ बंद राहील. बीड जिल्ह्यांतील किती घरांचीं माणसें पोटापाण्यासाठीं मुंबई, ठाणें, पनवेल येथें राहतात, हें आमच्या वाचक पालकांस आम्हीं सांगावयास नको.

आणि आम्ही जे येथें, बालाघाटाच्या माथ्यावर राहतों, त्यांचें काय? समुद्र बीडापर्यंत येणार नाहीं, हें निश्चित. परंतु समुद्र आमच्याकडे दुसऱ्या वाटेनें रोज येतच असतो. आमच्या शेतावर पडणारा प्रत्येक थेंब कधीं तरी समुद्रावरून उठलेला असतो. पाटोदा तालुक्यांत उगम पावणारी मांजरा, शहरांतून वाहणारी बिंदुसरा, माजलगांवची सिंदफणा, या सर्व गोदावरीच्या वाटेनें तें पाणी पूर्वसमुद्रास परत नेऊन देतात. उष्णकटिबंधांतील हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचें उष्णतामान १९५१ ते २०१५ या काळांत सुमारें एका अंशानें वाढलें. ज्या उष्णतेनें समुद्र फुगतो त्याच उष्णतेनें वाफ अधिक उठते व पावसाची चाल बिघडते. याच संस्थेच्या अहवालांत असें नमूद आहे कीं, मध्य भारतांत एका दिवसांत १५० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० पासून २०१५ पर्यंत सुमारें ७५ टक्क्यांनीं वाढले, परंतु देशाचा एकंदर मोसमी पाऊस मात्र कांहींसा घटला. पाऊस पडतो तेव्हां फार पडतो, आणि उरलेले दिवस आभाळ कोरडें राहतें. १९७२ चा दुष्काळ आमच्या आजी-आजोबांच्या स्मरणांत आहे; २०१२ व २०१५ सालचें पाण्याचें दुर्भिक्ष पालकांनीं सोसलें आहे; आणि सप्टेंबर २०२५ मध्यें मराठवाड्यांतील नद्यांस आलेले मोठे पूर विद्यार्थ्यांनीं स्वतः पाहिले आहेत. अमुक दुष्काळ किंवा अमुक पूर केवळ समुद्र तापल्यानेंच आला असें म्हणणें शास्त्रास धरून होणार नाहीं. परंतु समुद्राची पातळी व आमच्या विहिरीची पातळी या एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत, एवढें तरी यावरून खास ठरतें.

पुढें काय होईल, हें मनुष्याच्या वर्तनावर अवलंबून आहे. कोळसा व तेल यांचा वापर झपाट्यानें कमी केला, तर १९९५ ते २०१४ च्या सरासरीशीं तुलना करतां २१०० सालापर्यंत समुद्र बहुधा २८ ते ५५ सेंटिमीटर चढेल. तो वापर बेसुमार वाढत राहिला तर ६३ सेंटिमीटरांपासून एक मीटरपर्यंत चढेल, असें जगांतील शास्त्रज्ञांनीं २०२१ सालीं अनुमान केलें आहे. आज जे विद्यार्थी पांचवी-सहावींत आहेत त्यांचीं नातवंडें तेव्हां ऐन उमेदींत असतील. या दोन आंकड्यांमधील अंतर म्हणजे कोंकणांतील किती खारवट झालेलीं शेतें आणि आंध्रांतील किती गांवें, याचा विचार वडील मंडळींनींही करावा.

विद्यार्थ्यांनीं यांतून दोन गोष्टी उचलाव्या अशी आमची इच्छा आहे. पहिली ही कीं, पाणी जपणें हें केवळ घरच्या सोयीचें काम नव्हे. शेतांत बांध घालून, शोषखड्डा खणून जें पाणी आपण जमिनींत मुरवितों तें आपल्याच विहिरीस पहिल्यानें कामीं येतें. दुसरी ही कीं, मोजण्याचा कंटाळा करूं नये. १८७८ सालीं अपोलो बंदरावर पाण्याची उंची टिपणाऱ्या कारकुनास समुद्र तापेल व फुगेल याची स्वप्नांतही कल्पना नसेल. त्यानें नेमून दिलेलें काम नेमून दिलेल्या वेळीं केलें, इतकेंच. त्याच्यामागून येणाऱ्यांनींही तेंच केलें, म्हणून पाऊण मिलिमीटराइतका सूक्ष्म फरक आज आपणांस कळतो. आपल्या शाळेच्या आवारांत एक साधें पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळीं साडेआठ वाजतां पावसाचें माप वहींत लिहावें, गांवच्या विहिरीचें पाणी किती हातांवर आहे तें महिन्यास एकदां टिपावें. हें काम एका वर्षीं निरर्थक वाटेल. वीस वर्षांनीं तीच वही गांवास उपयोगी पडेल. येत्या मृगापासूनच या कामास आरंभ करण्यास हरकत नाहीं.